सिद्धतेचा भार : कोंतादोर प्रकरणातील लवादनिर्णय

आरोप सिद्ध करण्याचे दायित्व आरोप करणाऱ्यावर असते, ही धारणा आपल्या मनात इतकी दृढ झालेली आहे की, जेथे ते दायित्व उलट दिशेस वळते तेथील निर्णय सकृद्दर्शनी अन्यायाचा भासतो. सायकल-शर्यतींच्या क्षेत्रातील अल्बेर्तो कोंतादोर या स्पॅनिश खेळाडूचे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

२१ जुलै २०१० रोजी, ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीच्या विश्रांतीच्या दिवशी, त्याच्या मूत्राचा नमुना घेण्यात आला. कोलोन येथील प्रयोगशाळेस त्यात क्लेनब्युटेरॉल हे निषिद्ध द्रव्य मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणात आढळले. द्रव्य आढळले याविषयी वाद नव्हता; ते शरीरात कोणत्या मार्गाने आले, हा खरा प्रश्न होता. आपण खाल्लेले गोमांस दूषित होते, असे कोंतादोरचे म्हणणे होते. गुरे पुष्ट व्हावीत म्हणून हे द्रव्य बेकायदा वापरले गेल्याची उदाहरणे असल्याने ते अगदीच निराधार नव्हते. फेब्रुवारी २०११ मध्ये स्पॅनिश सायकल महासंघाने त्याला निर्दोष ठरविले. त्यावर आंतरराष्ट्रीय सायकल संघ व जागतिक उत्तेजकविरोधी संस्था यांनी लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाकडे अपील केले.

येथे नियमाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. शरीरात निषिद्ध द्रव्य असणे हाच नियमभंग होय. हेतू सिद्ध करावा लागत नाही. द्रव्याचे अस्तित्व सिद्ध होताच भार खेळाडूकडे जातो. शिक्षेतून सुटका हवी असल्यास ते कसे आले, हे त्याने दाखवावयाचे असते. मात्र त्यासाठी निःसंशय पुरावा लागत नाही. त्याची उपपत्ती खरी नसण्यापेक्षा खरी असण्याचा संभव अधिक, एवढे दाखविले तरी पुरे.

लवादापुढे तीन उपपत्ती होत्या : दूषित मांस, अपीलकर्त्यांनी सुचविलेले रक्तसंक्रमण आणि दूषित पूरक आहार. पहिल्या दोन्ही शक्य, परंतु सारख्याच असंभाव्य आहेत. उपलब्ध पुराव्यावरून तिसरी अधिक संभाव्य दिसते, असे मत लवादाने नोंदविले. ही तिसरी उपपत्ती कोंतादोरला मान्य नव्हती. तेव्हा तिचा लाभही त्याला मिळण्यासारखा नव्हता. ६ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याला दोन वर्षांची बंदी सांगण्यात आली. २०१० च्या ‘तूर’चे विजेतेपद अँडी श्लेककडे, तर २०११ च्या ‘जिरो द इतालिया’चे मिकेले स्कार्पोनीकडे गेले.

या निर्णयाने कोंतादोरने बुद्ध्या उत्तेजक घेतले असे ठरविले, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. ‘मांसाची उपपत्ती सिद्ध झाली नाही’ आणि ‘ती असत्य आहे’ ही दोन भिन्न विधाने होत. पहिले विधान पुराव्याविषयी आहे, दुसरे वस्तुस्थितीविषयी. लवादाने केले ते पहिले. ज्ञान अपुरे असते तेव्हा त्या अपुरेपणाची किंमत कोणी मोजावयाची, हे सिद्धतेचा भार ठरवितो. येथे ती खेळाडूने मोजली.

पुढे २०१९ मध्ये जागतिक संस्थेने मांसदूषणाची शक्यता विचारात घेऊन, मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमपर्यंतच्या क्लेनब्युटेरॉलविषयी आरोपाआधी चौकशीची तरतूद केली. कोंतादोरच्या नमुन्यातील प्रमाण या मर्यादेच्या शंभरावा हिस्सा होते. यावरून त्याचे निर्दोषत्व सिद्ध होत नाही. परंतु भार कोणाच्या खांद्यावर केव्हा ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर बदलू शकते, एवढे निश्चित दिसते.