बाईचे काम कोणत्या रकान्यात?

भारतात १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या शंभर बायकांपैकी २०१७-१८ साली २२ जणी काम करत होत्या. २०२३-२४ साली हा आकडा ४० वर गेला. पुरुषांमध्ये तो याच काळात ७१ वरून ७६ झाला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतले हे आकडे आहेत. सहा वर्षांत बायकांचा रोजगार दर जवळपास दुप्पट होणे ही साधी गोष्ट नव्हे. म्हणूनच त्याची फोड करून पाहावी लागते.

रोजगार दर म्हणजे एखाद्या वयोगटातल्या एकूण लोकसंख्येत काम करणाऱ्यांचा वाटा. बेरोजगारी दराचा पाया वेगळा असतो. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्ती होते, आणि तिच्यातल्या काम न मिळालेल्यांची टक्केवारी म्हणजे बेरोजगारी दर. शिकणारे, घर सांभाळणारे, पेन्शनवर असलेले या हिशेबात धरले जात नाहीत. काम शोधून थकलेली बाई नाद सोडून घरी बसली, की बेरोजगारी दर चक्क खाली येतो. रोजगार दरात अशी लपवाछपवी होत नाही.

वयानुसार पाहिले तर पुरुषांचा आलेख सगळीकडे बराचसा सारखा असतो. विशीत तो झपाट्याने चढतो, पंचविशीनंतर जवळपास सगळे कामावर असतात आणि साठीकडे तो उतरू लागतो. बदल झाला आहे तो मुख्यतः सुरुवातीच्या टोकाला. १९९३-९४ साली ग्रामीण भागातले १५ ते १९ वयाचे निम्म्याहून अधिक मुलगे श्रमशक्तीत होते. २०११-१२ पर्यंत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर आले, कारण मुले शाळा-कॉलेजात राहिली. ही घट चांगलीच म्हणायची. दुसऱ्या टोकाला सरकारी नोकर ५८ किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होतो. शेतकऱ्याला आणि मजुराला मात्र निवृत्तीचे वय नसते, हातपाय चालतात तोवर काम चालते.

बायकांचा आलेख बुटका असतो आणि त्याचा माथा उशिरा येतो. विशीत लग्न आणि मूल. पस्तिशी-चाळिशीत मुले जरा हाताशी आली की बाई पुन्हा कामाकडे वळते. जपानमध्ये एकेकाळी याच कारणाने आलेखाला मधोमध खोल खळगा पडत असे. पुढे लग्ने लांबली, आया नोकरीत टिकू लागल्या आणि तो खळगा बराचसा भरून आला.

भारतात २०१७-१८ पर्यंत बायकांच्या रोजगार दरात झालेली घसरण मात्र साऱ्या अभ्यासकांना कोड्यात टाकणारी होती. सर्व वयांच्या ग्रामीण स्त्रियांमध्ये काम करणाऱ्यांचे प्रमाण २००४-०५ साली ३२.७ टक्के होते. २०११-१२ मध्ये ते २४.८ झाले आणि २०१७-१८ मध्ये १७.५ वर आले. अर्थव्यवस्था वाढत असताना हे घडले. मुली जास्त शिकू लागल्या हे एक कारण. घरात चार पैसे आले की बाईने दुसऱ्याच्या बांधावर जाऊ नये, ही प्रतिष्ठेची कल्पना हे दुसरे. तिसऱ्या कारणाची चर्चा कमी होते: तणनाशकाच्या फवाऱ्याने खुरपणी घालवली, मळणी-कापणी यंत्रांकडे गेली, आणि ही कामे बायकांची होती. गेलेल्या कामाच्या जागी गावाजवळ दुसरे काम आले नाही.

शहरात हे आधीच होऊन गेले होते. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई असे. पुढे नवी यंत्रे आली, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होती, १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्याचा खर्च मालकांना नको होता. आणि १९८२ च्या संपाच्या कितीतरी आधीच गिरणीतली बाई दुर्मीळ झाली होती. देश औद्योगिक होताना बायकांचा सहभाग आधी घटतो आणि कार्यालयीन नोकऱ्या वाढल्या की पुन्हा चढतो, असे २०२३ च्या नोबेल मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी मांडले आहे. भारतात चढ आला खरा, पण कार्यालयातून नव्हे.

२०१७-१८ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५१.९ टक्के स्वयंरोजगारात होत्या, २०२३-२४ मध्ये ६७.४ टक्के. ऐकायला हे उद्योजिकांचे युग वाटते. प्रत्यक्षात त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाऱ्या आहेत. पाहणीच्या तक्त्यात त्यांचा संकेतांक २१; फक्त घरकाम करणारीचा ९२. घरच्या म्हशीची धार काढणे, दूध घरातच लागले तरी, काम म्हणून धरले जाते. त्याच दुधाचे घरासाठी लोणी काढणे धरले जात नाही. प्रगणकाने एक प्रश्न नीट विचारला किंवा विचारला नाही, एवढ्यावरही बाई एका रकान्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. अर्थात सगळी वाढ मोजणीची नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर शेतीवर जगणाऱ्यांचा वाटा वाढला आणि घरच्या गरजेने बायका खरोखर रानात उतरल्या. मात्र त्याला रोजगारनिर्मिती म्हणणे कठीण आहे.

मोजल्या गेलेल्या कामाचा पैसा तरी बाईच्या हाती पडतो का? बीडकडून साखर पट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांमध्ये नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल कोयत्यामागे मिळते, हिशेब टनावर होतो आणि व्यवहार बहुधा नवऱ्याच्या नावे असतो. मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणाऱ्या बाईची वेगळी मजुरी त्या वहीत सापडत नाही.

शहरातली वाढ मंद आहे. श्रमशक्तीतला बायकांचा सहभाग गावांत २०१७-१८ ते २०२३-२४ दरम्यान २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला, तर शहरांत २०.४ वरून २८ वर. शिकलेल्या बाईला घराजवळची, वेळेवर सुटणारी नोकरी हवी असते, कारण घरचे काम वाटले जात नाही. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८.

वाचकांनी एक काळजी घ्यावी. २०२५ पासून ही पाहणी दर महिन्याचेही आकडे देते. त्यांत मागच्या सात दिवसांत किमान तासभर काम केले का, एवढेच पाहतात. वर दिलेले वार्षिक आकडे वर्षभराच्या कामावर आधारलेले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये बायकांचा श्रमशक्ती सहभाग ३४.२ टक्के निघाला. २०२३-२४ च्या ४१.७ शेजारी तो मांडून साडेसात टक्के-बिंदूंची घसरण झाली असे कोणी सांगू लागले, तर ते चूक आहे.