कॅप्सूल कॉफी मशीन : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

मीरा-भाईंदरच्या घोडबंदर-काशीमीरा पट्ट्यातल्या नव्या घरांत मिक्सरशेजारी आता कॅप्सूल कॉफी मशीनही दिसू लागलं आहे. सणासुदीच्या सवलतीत ते घेतलं जातं आणि महिन्याभरात खर्च किंवा चव खटकू लागते. मशीन एकदाच घ्यायचं असतं; कॅप्सूल, पाणी आणि दूध मात्र रोज लागतं. म्हणून निवडीची सुरुवात तिथूनच करावी.

गैरसमज १ : कुठलीही कॅप्सूल कुठल्याही मशीनला चालते.
वस्तुस्थिती : चालत नाही. नेस्लेचे अभियंते एरिक फाव्र यांच्या कॅप्सूल पद्धतीचं पेटंट १९७६ चं. त्या पद्धतीचं नेस्प्रेसो मशीन बाजारात आलं १९८६ मध्ये. त्याच्या 'ओरिजिनल' मापाच्या कॅप्सूल आता इतर कंपन्याही बनवतात, त्यात भारतीयही आहेत. नेस्प्रेसोचंच 'व्हर्चुओ' मशीन मात्र कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचून ती वेगाने फिरवतं. नेस्लेच्याच 'डोल्चे गुस्तो'चं माप आणखी वेगळं. आपल्या पिनकोडवर किमान दोन कंपन्यांच्या कॅप्सूल येतात का, हे आधी पाहा.

गैरसमज २ : १९ बारचं मशीन १५ बारपेक्षा सरस.
वस्तुस्थिती : एस्प्रेसोसाठी साधारण ९ बार दाब पुरतो. खोक्यावरचा आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो. कॅप्सूलवरचा 'इंटेन्सिटी'चा आकडाही कॅफीन किती ते सांगत नाही. तो चवीच्या कडकपणाचा अंदाज देतो.

गैरसमज ३ : खरा खर्च मशीनचा, कॅप्सूलचं काय एवढं!
वस्तुस्थिती : छोट्या कॅप्सूलमध्ये ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते. ५ ग्रॅमची कॅप्सूल ५० रुपयांना पडली, तर कॉफीचा भाव किलोला १०,००० रुपये झाला. दोघांनी रोज दोन-दोन कप घेतले, तर महिन्याला ६,००० रुपये. विजेची काळजी मात्र नको : १,२०० वॅटचं मशीन मिनिटभर चाललं तरी ०.०२ युनिट जळतं.

गैरसमज ४ : बटण दाबलं की दुधाची कॉफी तयार.
वस्तुस्थिती : एस्प्रेसोच्या बटणाने साधारण ४० मिलिलिटर काळी कॉफी मिळते. बहुतेक लहान मशीनसोबत दूध फेसाळण्याचं भांडं वेगळं घ्यावं लागतं. मोठा कप भरावा म्हणून त्याच कॅप्सूलमधून जास्त पाणी सोडलं, तर कॉफी पातळ आणि कडवट होते. चिकोरीच्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्या घराला स्टीलचा फिल्टरच बरा.

गैरसमज ५ : पाणी कुठलंही चालेल.
वस्तुस्थिती : मीरा-भाईंदरला स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आणि एमआयडीसी यांचं पाणी येतं, ते अपुरं पडलं की सोसायट्या टँकर किंवा बोअरवेलकडे वळतात. अशा जड (क्षारयुक्त) पाण्यामुळे केटलीच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच मशीनच्या आतल्या बारीक नळीत साचतो. मग धार बारीक होते, कॉफी कोमट येते. खाडीलगतच्या बोअरचं खारट पाणी तर टाकीत घालूच नका. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत डीस्केलिंग (क्षारांची सफाई) करा. व्हिनेगर टाळा, रबरी सील खराब होऊ शकतात.

गैरसमज ६ : 'कंपोस्टेबल' कॅप्सूल कुंडीत टाकली की माती होते.
वस्तुस्थिती : अशा बऱ्याच कॅप्सूलना मोठ्या खत प्रकल्पातली साधारण ६० अंशांची उष्णता लागते, गॅलरीतल्या कुंडीत ती मिळत नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवता येतं, पण चोथ्यासकट फेकलेली कॅप्सूल मिश्र कचऱ्यात जाते आणि शहराच्या कचऱ्याचा भार आधीच उत्तनच्या डोंगरावरची कचराभूमी सोसते आहे. वरची पन्नी कापा, चोथा कुंडीच्या मातीत मिसळा, रिकामी कॅप्सूल धुऊन डब्यात साठवा आणि डबा भरला की भंगारवाल्याला द्या.

मग हे मशीन कुणी घ्यावं? ज्यांच्या घरात एक-दोघंच कॉफी पिणारे असतील, काळी किंवा कमी दुधाची आवडत असेल आणि महिन्याचा हिशेब झेपत असेल, त्यांनी जरूर घ्यावं. खाडीकाठच्या पावसाळी दमट हवेत उघडी कॉफी पावडर लवकर बिघडते. ॲल्युमिनियमच्या बंद कॅप्सूलमध्ये ती महिनोन् महिने टिकते, हा खरा फायदा आहे. पाच-सहा जणांच्या घरी मात्र फिल्टर किंवा मोका पॉट स्वस्तही पडतो आणि एका वेळी जास्त कपही देतो. पैसे भरण्याआधी त्या मशीनच्या कॅप्सूलची कॉफी, आपल्या नेहमीच्या दुधा-साखरेच्या प्रमाणात, कुठेतरी एकदा पिऊन बघा.