बजेटच्या हंगामात सर्व्हर का दमतो?

भारतातल्या बहुतेक कंपन्यांचं बजेट जानेवारी ते मार्चमध्ये शिजतं. जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष पाळणाऱ्या परदेशी कंपन्यांचं मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन नवरात्र-दिवाळीत. पुण्यात हिंजवडी-खराडीत बसून अशा कंपन्यांची बजेटिंग सिस्टीम सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. इकडे लक्ष्मीपूजन चाललेलं असतं आणि तिकडे अमेरिकेत नुकती सकाळ झालेली असते. फोन येतो: फॉर्म उघडत नाहीये, टोटल काढणारा रूल तासभर फिरतोय. मग सर्व्हरची मेमरी वाढवा, अशी मागणी होते. माझ्या मते मेमरी हा शेवटचा उपाय. आधी डेटात शिरलेली शून्यं मोजावीत.

उदाहरण म्हणून ओरॅकलचं हायपेरियन प्लॅनिंग घेऊ. त्याच्या पोटातलं इंजिन म्हणजे एसबेस. १९९२ साली आर्बर सॉफ्टवेअरने ते बाजारात आणलं, १९९८ मध्ये आर्बर आणि हायपेरियन एक झाल्या आणि २००७ मध्ये ओरॅकलने सुमारे ३.३ अब्ज डॉलर मोजून सगळं विकत घेतलं. आता बरंचसं काम क्लाउडवर गेलंय, पण इंजिनाचा स्वभाव तोच.

हा स्वभाव असा. खातं, महिना, शाखा, प्रॉडक्ट या प्रत्येकाला इथे डायमेन्शन म्हणतात. खाती आणि महिने जवळजवळ सगळीकडे भरलेले असतात, म्हणून ते 'डेन्स'. शाखा आणि प्रॉडक्ट 'स्पार्स', कारण प्रत्येक शाखा प्रत्येक वस्तू विकत नाही. शाखा आणि प्रॉडक्टच्या ज्या जोडीत एक तरी आकडा आहे, तिच्यासाठी एक ब्लॉक तयार होतो आणि त्यात सगळी खाती, सगळे महिने यांची जागा धरली जाते. समजा, १०० खाती आहेत आणि महिने, तिमाह्या, वर्ष मिळून १७ कालखंड. म्हणजे १,७०० घरं. प्रत्येक घराला ८ बाइट धरले तर ब्लॉक झाला १३,६०० बाइटचा. ३०० शाखा, १,००० प्रॉडक्ट. प्रत्येक शाखा साधारण ५० वस्तू विकत असेल तर ब्लॉक होतील १५,०००, म्हणजे मेमरीत जेमतेम २०० एमबी.

आता एखादा उत्साही मॅनेजर एक्सेलमध्ये सगळ्या शाखा, सगळी प्रॉडक्टं मांडतो आणि रिकाम्या घरांत शून्य भरून सबमिट मारतो. ब्लॉक झाले तीन लाख, मेमरी लागली चार जीबीच्या वर. एसबेसच्या लेखी 'मिसिंग' म्हणजे काहीच नाही, पण शून्य हा आकडा आहे. तो साठवला जातो आणि टोटल करताना त्यालाही हजेरी द्यावी लागते.

बरं, यात दर वेळी मॅनेजरचाच दोष असतो असंही नाही. एक्सेलमधून आकडे भरायचं स्मार्ट व्ह्यू हे अ‍ॅड-इन मिसिंगच्या जागी शून्य दाखवू शकतं. अकाउंट्सवाल्यांना ही सोय आवडते, कारण एक्सेलचे फॉर्म्युले मोडत नाहीत. पण त्याच्या जोडीला शून्य सबमिट करण्याची खूणही केलेली असेल, तर शून्यं मुकाट डेटाबेसमध्ये जातात. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांच्या स्मार्ट व्ह्यूची ही सेटिंग एकदा बघून घ्यावी. आत शिरलेली शून्यं काढायला एक जुनी युक्ती आहे. आकड्याला त्याच आकड्याने भागायचं आणि पुन्हा त्यानेच गुणायचं. शून्याला शून्याने भागलं की एसबेस एरर देत नाही, मिसिंग देतं. बाकीचे आकडे जसेच्या तसे राहतात. मग रिकामे ब्लॉक काढून टाकण्याची कमांड द्यायची. आधी बॅकअप घ्यावा हे ओघानं आलंच. आणि संबंधितांना विचारावंही, कारण बंद होणाऱ्या शाखेसमोरचं शून्य हे कुणीतरी विचार करून लिहिलेलं बजेट असतं.

उलटं दुखणंही तितकंच नेहमीचं. "अहो, रूल चालवला, सक्सेसफुल आलं, पण आकडा कुठाय?" नव्या शाखेचा ब्लॉकच तयार झालेला नसतो. गणित सहसा आहे त्या ब्लॉकमध्येच चालतं. जिथे ब्लॉक नाही तिथे रूल फिरकत नाही आणि तक्रारही करत नाही. यावर नसलेले ब्लॉक तयार करवून घेणारी सेटिंग आहे, पण ती सरसकट लावली की पुन्हा पहिला रोग सुरू. त्यापेक्षा नव्या शाखेपुरतेच एखाद्या जुन्या शाखेवरून आकडे कॉपी करून ब्लॉक तयार करावेत आणि मग रूल चालवावा.

नवं खातं जोडायचं असेल तर खातं डेन्समध्ये आहे, हे विसरू नये. त्यात बदल केला की अस्तित्वात असलेला प्रत्येक ब्लॉक नव्याने लिहिला जातो. दुपारी तीनला 'फक्त एकच खातं' जोडून सगळ्यांना बाहेर बसवायचं नसेल, तर अशा मागण्या गोळा करून आठवड्यातून एका रात्री एकदम घालाव्यात. खात्याचं नाव बदलायचं असेल तर ते बदलावं. जुनं काढून नवं टाकू नये. खातं डिलीट झालं की त्याचे आकडेही गेले.

काम वाचवणाऱ्या आणखी दोन सवयी. परवानग्या माणसाला देऊ नयेत, ग्रुपला द्याव्यात. माणसाची बदली झाली की ग्रुपमधून नाव काढलं, काम संपलं. चालू महिना प्रत्येक रूलमध्ये हाताने लिहिण्याऐवजी सबस्टिट्यूशन व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर महिना पालटताना एकाच जागी बदल करावा लागतो.

बॅकअपचं बघायचं तर क्लाउडवर रोज ठरलेल्या तासाला मेंटेनन्स होतो आणि स्नॅपशॉट निघतो. उद्याचा स्नॅपशॉट आजच्यावर बसतो, त्यामुळे मोठा बदल करण्याआधी तो वेगळ्या नावाने बाहेर काढून ठेवावा. मेंटेनन्सचा तास आपल्याला निवडता येतो. तो निवडताना अमेरिकेतली मध्यरात्र पाहिली जाते, आणि तेव्हा पुण्यात लोक कामाला बसलेले असतात. बजेटच्या महिन्यांपुरता तरी हा तास दोन्हीकडच्या वेळा समोर ठेवून पुन्हा ठरवावा. टीम तिसऱ्या कुठल्या देशात असेल तर तिचीही वेळ धरावी.