सहा महिन्यांचे बिऱ्हाड

धुळे-सोलापूर महामार्गाला ज्या ठिकाणी पाटोदा-जामखेडमार्गे नगरकडे आणि केज-अंबाजोगाईमार्गे लातूरकडे जाणारे फाटे फुटतात, त्या बालाघाटाच्या माथ्यावरील मांजरसुंब्याच्या चौकात दसरा-दिवाळीच्या सुमारास घटकाभर उभे राहिले, तर बीड जिल्ह्याच्या प्रपंचाची जी ओळख पटते ती सरकारी अहवालांच्या चळतीतूनही पटणार नाही. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे यात्रेकरूंची रीघ लागते. आणि त्याच रस्त्यांवरून भांडीकुंडी, ताडपत्री, शेरडे, कोंबड्या व माणसे एकाच ट्रॉलीत कोंबलेले ट्रॅक्टर साखर कारखान्यांच्या मुलखाकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रात तर कोणी थेट कर्नाटकात, निघालेले असतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे (ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात) कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गावाला पारखे होते. मागे प्रश्न उरतो तो पोरांचा, आणि या प्रश्नातूनच ‘हंगामी वसतिगृह’ नावाची एक विलक्षण संस्था उभी राहिली आहे.

विलक्षण अशासाठी म्हणतो, की महाराष्ट्राला वसतिगृहांची परंपरा नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात नाना जातींची मुले एका पंगतीला बसवली, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. परंतु त्या सर्व ठिकाणी मूल वळकटी घेऊन घराबाहेर पडत असे आणि घर आपल्या जागी असे. सुटीत परतायला उंबरठा होता. येथे घरच निघून जाते आणि मूल आपल्या गावी, आपल्याच शाळेत राहते. हा उलटा क्रम ध्यानात घेतला नाही, तर या संस्थेचे बळ आणि तिचे दैन्य दोन्ही कळत नाहीत.

कारभार साधा आहे. समग्र शिक्षा योजनेतून तरतूद होते, जिल्हा परिषदेच्या शाळेची व्यवस्थापन समिती ती राबवते. सकाळ-संध्याकाळचे अन्न वसतिगृहाच्या खात्यातून, दुपारचे शालेय पोषण आहारातून. पुष्कळ गावी वसतिगृह म्हणजे स्वतंत्र इमारत नसतेच. शाळेच्याच एका खोलीत चूल पेटते, गावातलीच एखादी बाई भाकरी थापते, आणि जेवून ताट विसळले की मूल आजीकडे निजायला जाते. म्हणजे रेक्टराचे निम्मे काम, विनावेतन, एक म्हातारी करते. रात्री फडावरून फोन येतो. “जेवलास का रं? आज्जीला तरास देऊ नको,” एवढेच बोलणे, कारण तिकडे गाडी भरायची असते आणि ऊस वाहणाऱ्या गाडीला रात्रंदिवस सारखेच.

याआधी साखरशाळांचा प्रयोग झाला, शाळाच कारखान्याच्या तळावर नेण्याचा. हेतू चांगला होता. पण फडावरचे मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, कोपीची राखण करते, हाताशी आले की मोळ्या वाहते, आणि टोळी हलली की त्याची पाटीही हलते. त्यापेक्षा मूल गावी ठेवणे श्रेयस्कर, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मंजुरीचा कागद ट्रॅक्टर निघून गेल्यावर येतो, अशी ओरड वारंवार होते. आणि हजेरीपटावरील नावे व पंगतीतील ताटे यांचा मेळ बसत नाही, ही तक्रारही जुनीच. त्यावर कडक तपासणी हाच उपाय. ताटे बंद करणे हा नव्हे, कारण लबाडी मोठ्यांनी केली तरी उपास पोरांना घडतो.

खरी अडचण पुढे आहे. शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षाशी थांबतो. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीच्या ‘शांतिवना’सारखे निवासी प्रकल्प पुढचा भार उचलतात, पण असे प्रकल्प बोटांवर मोजण्याइतके. आठवी उतरलेल्या मुलीला म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायला आईबाप धजत नाहीत. मग ती फडावर जाते, नाहीतर तिचे लग्न उरकले जाते. लग्न झाले की नवा कोयता तयार, आणि त्याला स्वतंत्र उचल द्यायला मुकादम तत्परच असतो. २०२१ साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत प्रत्येकी १०० जणांची ८२ वसतिगृहे मंजूर केली. तालुक्याला मुलांचे एक, मुलींचे एक. ही तजवीज उशिरा झाली तरी योग्य दिशेची आहे. पण बीडसारख्या जिल्ह्यात कोणत्याही तालुक्यातल्या अशा मुली शंभरावर थांबत नाहीत, हे कळायला खानेसुमारीची गरज नाही.