सापळ्याचे छायाचित्र आणि संगणकाची मूक चूक

कामगंध सापळ्यातील गुलाबी बोंडअळीचे पतंग छायाचित्रावरून मोजणारे प्रारूप टेन्सरफ्लो या प्रणालीत घडवता येते. गूगलने २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिच्या पहिल्या आवृत्तीत ‘प्लेसहोल्डर’ ही छायाचित्रासाठी राखलेली रिकामी जागा असे. दर वेळी तेथे नवे छायाचित्र द्यावे लागे. ‘व्हेरिएबल’मध्ये प्रशिक्षणातून घडलेले आकडे राहतात. नावाने ‘बदलता’ असला, तरी एका छायाचित्राकडून दुसऱ्याकडे जाताना टिकून राहतो तो हाच.

प्लेसहोल्डर रिकामा राहिला, तर प्रणाली त्रुटी दाखवून थांबे. व्हेरिएबलची चूक मात्र मूक असते. जतन केलेले आकडे परत आणल्यावर प्रारंभिक मूल्ये देण्याची आज्ञा पुन्हा दिली गेली, की शिकलेले सारे पुसले जाऊन यादृच्छिक आकडे बसतात. पतंगांची संख्या तरीही पडद्यावर उमटतेच. सलग ३ रात्री प्रतिसापळा ८ पतंग या आर्थिक नुकसान पातळीवरून फवारणी ठरत असताना अशी संख्या नाहक फवारणी करवील, किंवा आवश्यक ती टाळवील. म्हणून हाताने मोजलेल्या एखाद्या सापळ्याचे छायाचित्र प्रारूपाला प्रथम दाखवणे इष्ट.

२०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लेसहोल्डर नित्य वापरातून गेला; व्हेरिएबल कायम आहे.