एक पडदा, अनेक माऊस

एका संगणकाला पाच माऊस जोडले, तरी पडद्यावर बाण एकच दिसतो. पाचही हातांची हालचाल विंडोज त्याच बाणात मिसळते, कारण समोर एकच माणूस बसणार हे गृहीत धरलेले असते. बहुमाऊस प्रणाली कोणता संदेश कोणत्या माऊसकडून आला हे ओळखते आणि प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण स्वतः रेखाटते. तेवढ्याने भागत नाही. नेहमीची बटणे आणि मेनूही एकाच बाणासाठी बनवलेले असल्याने कार्यक्रम नव्याने लिहावा लागतो.

कल्पना जुनी आहे. एका पडद्यावर अनेकांनी काम करण्याच्या या पद्धतीची मांडणी स्टुअर्ट, बेडरसन आणि ड्रुइन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत केली होती. भारतात मात्र तिला गरजेने आणले. खेड्यातल्या शाळेत एका संगणकाभोवती पाच-सहा मुले दाटीने बसत. माऊस बहुधा त्यांतल्या धीट मुलाच्या हाती राही, बाकीची नुसती बघत. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात उदय सिंग पवार, जॉयोजीत पाल आणि केंटारो टोयामा यांनी यावर प्रत्येकाच्या हाती माऊस देण्याचा साधा उपाय काढला. जादा माऊसची किंमत नव्या संगणकाच्या मानाने नगण्य.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ग्रामीण भारतातली २३८ मुले इंग्रजी शब्द शिकली. प्रत्येकाच्या हाती माऊस असलेल्या पाच जणांच्या गटातली मुले एकूणात एकट्याने संगणक वापरणाऱ्यांइतकेच शब्द शिकली, हा निष्कर्ष महत्त्वाचा. पण त्याहून बोलका आहे तो नियमांतला फरक. एका प्रकारात शर्यत होती, दुसऱ्यात सगळ्यांचे एकमत झाल्यावरच पुढचा प्रश्न येई. यंत्र तेच, माऊस तेवढेच; तरी शिकण्यात आणि वागण्यात ठळक अंतर पडले. शर्यतीत विचार करण्यापेक्षा आधी क्लिक करण्याचा मोह होणारच. मुलग्यांचे शिकणे पद्धतीनुसार बदलले, मुलींचे सर्व पद्धतींत जवळपास सारखे राहिले.

पुढे मायक्रोसॉफ्टने हे तंत्र मल्टिपॉइंट नावाने खुले केले. २०१० मध्ये आलेल्या माऊस मिसचीफ या साधनामुळे शिक्षकांना पॉवरपॉइंटमध्येच अनेक माऊसनी सोडवायचे प्रश्न तयार करता येऊ लागले. प्रोजेक्टर असला तर अख्खा वर्ग भिंतीवरच्या पडद्यावर उत्तरे देऊ शके. मात्र बाणांची गर्दी झाली की आपला कोणता हे शोधण्यातच मुलांचा वेळ जातो. लिहिण्याचे काम तर याहून अवघड: प्रत्येकासाठी पडद्यावर वेगळा कळफलक काढला तर मजकुरालाच जागा उरत नाही. म्हणून हे तंत्र पर्याय निवडण्याच्या प्रश्नांत आणि चित्रे हलवण्याच्या खेळांतच अधिक रुळले.