एका ठिपक्यावरचा निकाल

वाढीच्या आलेखावरील एकच ठिपका पाहून कोणत्याही बालकाविषयी निष्कर्ष काढू नये, हा बालरोगशास्त्राचा पहिला धडा. दोन-चार नोंदी जोडून जी रेषा उमटते, तीच खरे बोलते. दवाखान्यात कसोशीने पाळलेला हा नियम मी एकदा मैदानावर विसरलो, त्याची ही हकीकत.

2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तीत 'तेलुगू टायटन्स' उतरले आणि हैदराबादेत आमच्या अंबरपेठेतील मुलेही कबड्डीकडे नव्याने वळली. पुढे एका मे महिन्यात येथे किशोर गटाचे शिबिर भरले. प्रशिक्षक परिचयाचे असल्याने मुलांच्या तपासणीचे काम माझ्याकडे आले. बचावफळीसाठी नवी मुले निवडायची होती.

कबड्डीत टाळ्या चढाईपटूला मिळतात. पकडीचा गुण घोटा धरणाऱ्या कोपरारक्षकाच्या नावे लागतो; परंतु नेमक्या क्षणी पुढे सरकून परतीची वाट अडविणारा मध्यरक्षक नोंदवहीत पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून नवख्या बचावपटूची पारख केवळ गुण मोजून होत नाही. त्याची पावले कशी पडतात, साखळीतील जोडीदाराचा हात तो केव्हा सोडतो, एकदा चुकल्यावर दुसऱ्या खेपेस काय करतो, हे दिवसेंदिवस पाहावे लागते.

चौदा वर्षांचा एक सडपातळ मुलगा पहिल्याच सकाळी धापा टाकत खाली बसला. वजन 38 किलो. या गटाची वजनमर्यादा तेव्हा 55 किलो होती. साहजिकच तिच्या जवळ पोहोचलेली मुले प्रशिक्षकांच्या नजरेत भरत होती. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा टिकेलसे वाटत नाही." मी मान डोलावली आणि 'शरीर अपुरे' असा शेरा लिहिला. मुलगा घरी गेला.

आठवड्याने त्याची आई त्याला दवाखान्यात घेऊन आली. "जेवत नाही, कोणाशी बोलत नाही," म्हणाली. जुने कार्ड काढले. वर्षभरात उंची 8 सेंटिमीटरने वाढली होती! वयात येतानाची झेप चालू होती. या झेपेत आधी उंची वाढते. वजन आणि स्नायूंचे बळ मागाहून येते. एकाच वर्गातील दोन मुलांत या बाबतीत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. मी अपुरे ठरविले होते ते शरीर केवळ वाटेत होते.

धाप लागण्याचेही तेच. उन्हात श्रम करण्याची सवय शरीराला लागावयास एक ते दोन आठवडे जातात. तोवर घाम पुरेसा सुटत नाही, हृदयाचे ठोके वाढतात. पहिल्या दिवसाची दमछाक ही कुवतीची परीक्षा नव्हे. धोक्याची सूचना मात्र असू शकते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याचे रक्षण करणारी पाच धिप्पाड खेळाडूंची फळी असते. तिच्यातील मिनेसोटा वायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरात उष्माघाताने कोसळला आणि 1 ऑगस्ट 2001 रोजी मरण पावला. तो तर मुरलेला खेळाडू होता. आज तेथे शिबिराचे पहिले काही दिवस जड संरक्षक पोशाखाविना सराव चालतो. फळीतील नवख्याची खरी पारख मात्र तो पोशाख चढवून समोरच्याशी भिडल्यावरच होते. म्हणजे घाईने निकाल देणे तेथेही निरर्थकच.

त्याच संध्याकाळी मी प्रशिक्षकांना भेटलो, चूक कबूल केली आणि शेरा मागे घेतला. दोन विनंत्या केल्या: पहिले दहा दिवस कोणालाही गाळू नये, आणि ऊन चढण्यापूर्वी सराव आटोपावा. दुसरी त्यांनी तत्काळ मानली. पहिलीसाठी थोडा वाद घालावा लागला.

मुलगा परत आला. त्या वर्षी संघात त्याची निवड झाली नाही, आणि ते योग्यच होते. परंतु शेवटच्या आठवड्यात तो मध्यरक्षकाच्या जागी उभा राहू लागला होता आणि जोडीदाराचा हात अवेळी सोडत नव्हता. प्रशिक्षकांनी वहीत त्याच्या नावापुढे लिहिले, 'पुढील वर्षी पुन्हा पाहणे.' आईने मला एवढेच सांगितले, की तो आता पोटभर जेवतो.

वैद्यकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळा आणि क्रीडा मंडळे आपल्याकडे दाखले मागतात. तो कागद आपण दोन मिनिटांत भरतो. मुलगा त्याचे ओझे वर्षभर वाहतो. तेव्हापासून मी कोणत्याही मुलाच्या दाखल्यावर शेऱ्याखाली एक ओळ न चुकता लिहितो: पुढील तपासणीची तारीख.